दगडी ओट्याची निगा : डाग आणि चट्टा यांतला फरक ओळखून करायची स्वच्छता

संगमरवरी ओट्यावर पेल्याच्या बुडाएवढे पांढुरके, निस्तेज वर्तुळ दिसले की बहुतेक जण त्याला डाग समजतात आणि तो घालवण्यासाठी त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चोळतात. ते वर्तुळ मुळात आम्लानेच पडलेले असते, त्यामुळे चोळल्यावर ते आणखी पसरते आणि मग घासणी हातात घेतली जाते. दगडाच्या ओट्यांबाबत होणाऱ्या चुका तपासल्या तर त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच दिसते : दगड कोणता आहे आणि खूण कसली आहे हे ठरवण्याआधीच उपाय सुरू केलेला असतो. म्हणून या लेखात ओळख आधी येते आणि उपाय नंतर. टप्पे दिलेल्या क्रमानेच वाचावेत. विशेषतः पहिला आणि पाचवा टप्पा वगळून पुढे जाऊ नये.

टप्पा १ : दगड कोणत्या गटातला आहे ते ठरवा

विकत घेताना सांगितलेल्या नावावर पूर्ण विसंबून राहता येत नाही. व्यापारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, आणि क्वार्ट्झाइट म्हणून घेतलेला पांढरा दगड प्रत्यक्षात डोलोमाइटी संगमरवर निघाल्याचे प्रकारही घडतात. नावात अशी गल्लत झाली तरी निगा राखण्यापुरते दोन गट ओळखता आले की पुरते.

पहिला गट चुनायुक्त दगडांचा. संगमरवर, चुनखडक, ट्रॅव्हर्टिन आणि ओट्यांसाठी वापरला जाणारा ऑनिक्स हे सगळे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. हा पदार्थ आम्लात विरघळतो आणि मऊही असतो. कठीणपणाच्या मोस मापश्रेणीत कॅल्साइट ३ वर आहे. दुसरा गट सिलिकायुक्त दगडांचा, म्हणजे ग्रॅनाइट, अस्सल क्वार्ट्झाइट आणि त्यांचे नातलग. यांतले फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर येते. लिंबासारख्या सौम्य आम्लाने हे दगड झिजत नाहीत, पण त्यांत तेल मुरू शकते.

दोन्ही गटांतला फरक घरच्या घरी असा तपासावा :

१. ओट्याचा सहसा न दिसणारा भाग निवडा. शेगडीखालची जागा किंवा मागच्या भिंतीलगतचा कोपरा चालेल. तो स्वच्छ आणि कोरडा करा.

२. तेथे लिंबाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा एकच थेंब ठेवा आणि १० मिनिटे थांबा.

३. थेंब टिपून घ्या, जागा पाण्याने पुसा, कोरडी करा आणि मग बॅटरीचा उजेड अगदी तिरका टाकून पाहा.

थेंबातून बारीक बुडबुडे निघाले किंवा त्या जागेची चकाकी मेली, तर दगड चुनायुक्त आहे. काहीच बदलले नाही तर तो सिलिकायुक्त समजावा. बुडबुडे दिसले नाहीत एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. डोलोमाइटी संगमरवर आम्लाला फार हळू दाद देतो; त्यावर बुडबुडे दिसत नाहीत, पण चकाकी मात्र जाते. बुडबुडे हे कार्बन डायऑक्साइडचे असतात आणि थेंबाखाली दगड खरोखरच विरघळत असतो, त्यामुळे ही चाचणी दर्शनी भागावर कधीही करू नये.

शंखजिऱ्याचा मऊ दगड, ज्याला सोपस्टोन म्हणतात, या दोन्ही गटांत बसत नाही. तो आम्लाने झिजत नाही आणि द्रव जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे त्याला सीलर, म्हणजे छिद्रांत शिरून द्रव मुरणे मंदावणारे द्रव्य, लागत नाही; त्यावर ओरखडे मात्र सहज उठतात. क्वार्ट्झचा चुरा राळेत बांधून तयार केलेले ओटे तर नैसर्गिक दगड नव्हेतच. त्यांतली राळ उष्णतेने आणि तीव्र रसायनांनी बिघडते, म्हणून पुढचे डाग ओढून घेणाऱ्या लेपाचे आणि सीलरचे टप्पे त्यांना लावू नयेत.

तपासणी : ओटा गडद काळा असेल तर पांढऱ्या फडक्यावर थोडे ॲसिटोन घेऊन तेही कोपऱ्यात घासून पाहा. फडके काळे झाले तर दगडाला वरून रंग दिलेला आहे. अशा दगडावर पुढे कोठेही ॲसिटोन वापरू नका. रंग निघून फिकट ठिपका राहील.

टप्पा २ : साहित्य जमवा आणि काही वस्तू ओट्यापासून दूर ठेवा

रोजच्या कामासाठी फार काही लागत नाही : मायक्रोफायबरची किंवा मऊ सुती अशी तीन फडकी, मऊ केसांचा ब्रश आणि ज्याचा सामू (pH) ७ च्या आसपास आहे, म्हणजे जो आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, असा भांडी धुण्याचा द्रव साबण. तिन्ही फडकी वेगवेगळ्या रंगांची असावीत. साबणाचे, साध्या पाण्याचे आणि कोरडे फडके एकमेकांत मिसळले की ओट्यावर धुरकट थर येतो, आणि मग त्याचे कारण दगडात शोधले जाते. डागांसाठी खाण्याचा सोडा, पांढरी चिनी माती, औषधांच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड, ॲसिटोन, पातळ प्लास्टिकचा तुकडा, चिकटपट्टी, प्लास्टिकचे उलथणे आणि हातमोजे एवढे जवळ ठेवा.

काय वापरू नये याची यादी यापेक्षा महत्त्वाची आहे. चुनायुक्त दगडावर लिंबू, व्हिनेगर, न्हाणीघरातील क्षार काढण्याचे द्रव आणि संडास साफ करण्याचे द्रव हे सगळेच घातक आहेत. ‘नैसर्गिक’ म्हणून सांगितली जाणारी घरगुती मिश्रणे बहुधा आम्लयुक्तच असतात. ती निसर्गातून आली म्हणून कॅल्शियम कार्बोनेट त्यांच्यात विरघळायचे थांबत नाही. सिलिकायुक्त दगडावरही व्हिनेगरचा रोज वापर करू नये, कारण सीलर त्याने लवकर निकामी होतो, आणि काही ग्रॅनाइटांत कॅल्साइटचे बारीक कणही असतात. तारेची घासणी दुहेरी नुकसान करते : चरे पाडते, आणि तिचे तुटलेले बारीक कण दगडाच्या छिद्रांत अडकून पुढे गंजतात. गंज काढण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. ते ग्रॅनाइटलाही खाते आणि त्वचेतून शरीरात भिनून गंभीर इजा करते. ते घरात आणूच नये.

इशारा : ब्लीच कधीही अमोनियात किंवा आम्लात मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतात. ॲसिटोन आणि अल्कोहोल हे दोन्ही झटकन पेट घेतात. ओट्यावर त्यांचे काम करताना शेगडी बंद असावी, खिडक्या उघड्या असाव्यात आणि वास पूर्ण जाईपर्यंत ज्योत पेटवू नये.

टप्पा ३ : रोजची स्वच्छता, याच क्रमाने

१. ओट्यावरच्या वस्तू पूर्णपणे उचला. त्या सरकवून पुसू नका. बुडाखाली अडकलेला एखादा कण दगडावर रेघ ओढतो.

२. कोरड्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने कण आणि धूळ गोळा करा. ही पायरी सर्रास गाळली जाते. धुळीत वाळूचे कण असतात, वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, आणि ७ कठीणपणाचा कण ओल्या फडक्याखाली सापडून ३ कठीणपणाच्या संगमरवरावर फिरला की पॉलिश झिजणारच. एका दिवसात काही दिसत नाही, पण सर्वाधिक वापराच्या जागेची चकाकी वर्षा-दोन वर्षांत बाकीच्या ओट्यापेक्षा उणी दिसू लागते.

३. एक लिटर कोमट पाण्यात द्रव साबणाचे काही थेंब टाका, फडके त्यात भिजवून घट्ट पिळा आणि ओटा पुसा. पाणी ओतून ओटा धुऊ नका. ते सांध्यांत आणि सिंकच्या कडेखाली शिरते.

४. साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने साबण पूर्ण काढा.

५. तिसऱ्या फडक्याने लगेच कोरडे करा. हवेवर वाळू देऊ नका, कारण पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार मागे उरतात.

साबण जास्त घालणे हीच येथली नेहमीची चूक. उरलेल्या साबणाचा थर धुरकट दिसतो, ओटा मळलेला वाटतो, म्हणून दुसऱ्या दिवशी साबण वाढवला जातो आणि थर जाड होत जातो. तसे झाले असेल तर काही दिवस साबण बंद ठेवून केवळ कोमट पाण्याने पुसा व कोरडे करा. थर त्याने सुटला नाही, तर समप्रमाणात पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांच्या मिश्रणाने एकदा पुसून घ्या.

जंतू मारायचे असतील तर ओटा आधी वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करा, मग ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून दोन-तीन मिनिटे ओले राहू द्या आणि नंतर पुसा. फवारून क्षणात पुसून टाकले तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. व्हिनेगर यासाठी भरवशाचे नाही, शिवाय संगमरवराचे नुकसान होते ते वेगळेच.

तपासणी : पुसून झाल्यावर बॅटरी ओट्याच्या पातळीला धरून उजेड आडवा टाका. फडक्याच्या फिरण्याच्या दिशेने पट्टे दिसले तर साबण शिल्लक आहे. चौथी आणि पाचवी पायरी पुन्हा करा.

टप्पा ४ : सांडल्यावर पहिली दोन मिनिटे

सांडलेला द्रव पुसू नका, टिपून घ्या. पुसण्याने तो पसरतो आणि कोरड्या दगडाला नवी जागा मिळते. कागद किंवा फडके वरून दाबा, उचला, कोरडी बाजू पुन्हा दाबा. मग साध्या पाण्याने दोनदा पुसा आणि कोरडे करा. चुनायुक्त दगडावर आंबट पदार्थ सांडला असेल तर हातातले काम थांबवावे. पॉलिश केलेल्या संगमरवरावर लिंबाचा रस काही मिनिटांतच खूण सोडतो.

टप्पा ५ : खूण कसली आहे, डाग की चट्टा?

या लेखात डाग म्हणजे दगडाच्या छिद्रांत बाहेरचा पदार्थ मुरल्याची खूण, आणि चट्टा म्हणजे आम्लाने दगडाचा वरचा थर खाल्ल्याची खूण. डागात काहीतरी जास्तीचे आले आहे, ते बाहेर काढायचे असते. चट्ट्यात दगडच कमी झाला आहे, तेथे काढण्यासारखे काही उरलेलेच नसते. म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

मी स्वतः एका संगमरवरी ओट्यावरच्या फिकट वर्तुळावर तीन वेळा लेप लावला होता, आणि प्रत्येक वेळी दोन दिवस थांबून खूण जशीच्या तशी राहिलेली पाहिली. तो चट्टा होता. चौथ्या वेळी आडव्या उजेडात नीट पाहिले तेव्हा कळले. ते सहा दिवस वाचवणारे निरीक्षण दोन मिनिटांचे आहे :

१. रंग पाहा. डाग सहसा भोवतालच्या दगडापेक्षा गडद किंवा वेगळ्या रंगाचा असतो. चट्टा फिकट, दुधाळ किंवा केवळ निस्तेज असतो.

२. उजेड आडवा टाकून पाहा. डागावर चकाकी अखंड असते, प्रतिबिंब तुटत नाही. चट्ट्यावर प्रतिबिंब अंधुक होते.

३. बोट आणि नख फिरवा. डाग हाताला लागत नाही. चट्टा किंचित खरखरीत लागतो. खोल असेल तर नख कडेला अडते.

४. आकार पाहा. पेल्याच्या कडेचे वर्तुळ, थेंबांचे शिंतोडे किंवा ओघळ बहुधा चट्ट्याचे असतात. कडा धूसर होत बाहेर पसरलेली गडद खूण, विशेषतः तेलाच्या बरणीखालची, डागाची असते.

गडद खूण दिसली म्हणून लगेच उपाय सुरू करू नका. ती नुसत्या पाण्याची ओलही असू शकते. जागा मोकळी आणि कोरडी ठेवून ४८ तास थांबा. पाणी असेल तर ती आपोआप जाईल. सिंकच्या कडेची ओल जाऊन पुन्हा पुन्हा येत असेल तर सांध्यातले सिलिकॉन फाटले आहे का ते आधी पाहावे, कारण पाणी खालून झिरपत असताना वरून केलेला कोणताही उपाय टिकत नाही.

कधी एकाच जागी दोन्ही असतात. फळांचा रस किंवा वाइन सांडली की रंग आत मुरतो आणि आम्ल वरचा थर खाते. अशा वेळी आधी डाग काढा आणि शेवटी चट्ट्यावर पॉलिश करा. उलट केल्यास आत उरलेला रंग तसाच राहतो आणि लेपाने नव्या पॉलिशची चकाकी उतरण्याचा धोका असतो.

टप्पा ६ : डाग असेल तर लेप

घासून डाग निघत नाही, कारण तो पृष्ठभागावर नसतो. त्याला विरघळवून वर ओढून घ्यावे लागते, आणि ते काम लेप करतो. लेपात दोन घटक असतात : डाग विरघळवणारा द्रव आणि तो शोषून घेणारी पांढरी भुकटी.

तेलाच्या डागासाठी आधी खाण्याचा सोडा आणि पाणी वापरा. दोन लेपांनंतरही फरक पडला नाही, तर चिनी माती आणि ॲसिटोन घ्या. चहा, कॉफी, फळे, वाइन, मसाल्यांचे रंग यांच्यासाठी, दगड फिकट असेल तर चिनी माती किंवा सोडा आणि ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड. दगड गडद असेल तर पेरॉक्साइड टाळा, कारण ते दगडाचाच रंग फिका करू शकते. तेथे ॲसिटोनचा लेप लावावा, तोही पहिल्या टप्प्यातली रंगाची तपासणी झाल्यावरच. शाईच्या खुणांवर बहुधा ॲसिटोन चालते. गंजाच्या डागासाठी घरगुती लेप करू नका. त्यावरची बहुतेक द्रव्ये आम्लयुक्त असतात आणि ते काम दगडाच्या कारागिरावर सोडणे शहाणपणाचे. मुलतानी माती शोषक असली तरी तिच्यात लोहाचा अंश असतो, म्हणून पांढऱ्या दगडावर मी ती वापरत नाही.

लेपाची कृती अशी :

१. जागा साबणाच्या पाण्याने पुसून, साध्या पाण्याने पुसून, पूर्ण कोरडी करा. पृष्ठभागावर तेलकटपणा राहिला तर लेप तेच शोषत बसेल.

२. निवडलेला लेप आधी लपलेल्या कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर लावून २४ तासांनी पाहा. घाई असली तरी हे टाळू नका.

३. भुकटीत द्रव थोडा थोडा घालत दाट, पसरता येईल पण ओघळणार नाही असा गोळा करा. पातळ लेप डागाला बाजूला पसरवतो.

४. डागावर ६ ते १२ मिलिमीटर जाड थर द्या आणि डागाच्या कडेपलीकडे चारही बाजूंनी सुमारे २ सेंटिमीटर न्या. कडेपर्यंतच लावला तर डाग बाहेरच्या बाजूला सरकून वर्तुळ उमटते. आतली हवा काढण्यासाठी उलथण्याने हलके दाबा.

५. वर प्लास्टिक पसरा, कडा चिकटपट्टीने बंद करा आणि २४ ते ४८ तास तसेच ठेवा.

६. प्लास्टिक काढा आणि लेप उघड्या हवेवर पूर्ण वाळू द्या. यास आणखी एक दिवसही लागू शकतो.

७. वाळलेला लेप प्लास्टिकच्या उलथण्याने उचला, जागा साध्या पाण्याने पुसा आणि कोरडी करा.

सहावी पायरी सर्वांत जास्त चुकते. झाकलेला असताना लेपातला द्रव दगडात उतरून डाग विरघळवतो. प्लास्टिक काढल्यावर तो द्रव वरच्या बाजूने उडू लागतो, आणि त्याची जागा घेण्यासाठी आतला द्रव विरघळलेला डाग घेऊन वर चढतो. डाग बाहेर येण्याचे खरे काम या वाळण्यात होते. ओला असतानाच लेप खरवडून काढणाऱ्याने डाग विरघळवला आणि तो आतच सोडून दिला, असे होते. उन्हात किंवा हेअर ड्रायरने लेप वाळवणेही चुकीचे. वरचा पापुद्रा आधी कडक होतो आणि ओढ थांबते.

तपासणी : लेप काढल्यावर लगेच निकाल ठरवू नका, कारण ओला दगड गडदच दिसतो. २४ तासांनी पाहा. डाग फिका झाला असेल तर उपाय बरोबर आहे, लेप पुन्हा लावा. तेलाच्या जुन्या डागाला चार-पाच लेपही लागतात. दोन लेपांत (तेलाच्या डागासाठी, ॲसिटोनचा लेप लावूनही) तिळमात्र फरक पडला नाही तर डागाचा प्रकार ओळखण्यात चूक झाली आहे; पाचव्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा.

टप्पा ७ : चट्टा आणि ओरखडे

चकाकणाऱ्या संगमरवरावरचा हलका चट्टा, जो दिसतो पण नखाला लागत नाही, घरी सुधारता येतो. संगमरवरासाठी मिळणारी कथिल ऑक्साइडची किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पॉलिशची भुकटी घ्या. चट्ट्यावर थोडी टाका, ओलसर फडक्याने गोल गोल दाबून घासा, भुकटी कोरडी पडू देऊ नका, आणि काही मिनिटांनी पुसून आडव्या उजेडात पाहा. चकाकी आली नसेल तर पुन्हा करा. हे काम संयमाचे आहे. जोर वाढवून ते लवकर होत नाही.

ओट्याची झिलई मुळातच मंद असेल, म्हणजे दगड गुळगुळीत पण न चकाकणारा असेल, तर ही भुकटी वापरू नका. निस्तेज ओट्यावर एक चकाकता ठिपका तयार होईल आणि तो चट्ट्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरेल. तेथे त्या झिलईशी जुळणारी बारीक घासपट्टी लागते. माझ्या मते ज्यांना संगमरवरच हवा आहे आणि ओट्यावर रोज आंबट पदार्थ हाताळायचे आहेत, त्यांनी मंद झिलईच निवडावी; तिच्यावर चट्टे पडतात, पण दिसतात फार कमी.

नखाला लागणारा चट्टा किंवा चरा, आणि ग्रॅनाइटवरचा कोणताही ओरखडा, घरी दुरुस्त करू नये. त्यासाठी हिऱ्याच्या भुकटीच्या घासपट्ट्या भरडपासून बारीकपर्यंत क्रमाने फिरवाव्या लागतात आणि एक दर्जा गाळला तरी आधीचे ओरखडे दिसत राहतात.

टप्पा ८ : नळाभोवतीचे क्षार, सांधे आणि उष्णता

नळाभोवतीचा पांढरा, टणक थर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे संगमरवर ज्याचा बनला आहे त्याचाच. त्यामुळे जे द्रव क्षार विरघळवते ते दगडही विरघळवते. संगमरवरासाठी ‘सुरक्षित आम्ल’ शोधत बसण्यात अर्थ नाही. जागा ओल्या फडक्याने अर्धा तास झाकून थर मऊ करा आणि प्लास्टिकच्या उलथण्याने हळूहळू सोडवा. चकाकणाऱ्या ग्रॅनाइटवर दाढीचे नवे पाते जवळजवळ आडवे धरून एकाच दिशेने सरकवता येते. संगमरवरावर पाते लावू नका. यापुढे रात्री झोपण्यापूर्वी नळाचा बुंधा कोरडा केला तर थर साचतच नाही.

सिंकच्या कडेचे सिलिकॉन महिन्यातून एकदा बोटाने दाबून पाहा. सुटलेले किंवा आतून काळे पडलेले असेल तर पूर्ण काढून नवे भरावे. जुन्यावर नवे चढवले तर ते धरत नाही.

ग्रॅनाइट उष्णता सोसतो, पण एकाच जागी अचानक तापला तर तो भाग प्रसरण पावतो आणि भोवतालचा थंड दगड त्याला अडवतो. त्या ताणाने, विशेषतः सिंकच्या किंवा शेगडीच्या कापाजवळच्या अरुंद पट्टीत, तडा जाऊ शकतो. आचेवरून उतरवलेले भांडे नेहमी जाळीवर किंवा जाड गादीवर ठेवा. वरच्या फळीवरचे सामान काढण्यासाठी त्याच अरुंद पट्टीवर उभे राहणे हे तड्याचे दुसरे कारण असते.

टप्पा ९ : सीलर लागतो का, आणि लागला तर कसा लावावा

सीलर दगडाच्या छिद्रांत शिरून द्रव मुरण्याचा वेग कमी करतो. तो आम्लापासून वाचवत नाही. संगमरवराला सीलर लावला म्हणजे आता चट्टे पडणार नाहीत, ही समजूत सोडून द्यावी. आम्ल वरच्या पृष्ठभागावर काम करते आणि सीलर असतो त्याच्या खाली.

अमुक महिन्यांनी सीलर लावा असा नियम कोणी सांगितला तरी आधी पाण्याची चाचणी करा. सिंकजवळ, शेगडीजवळ आणि एका कमी वापराच्या जागी प्रत्येकी चमचाभर पाणी ओता आणि १५ मिनिटे थांबा. पुसल्यावर दगड गडद झालेला दिसला तर सीलर हवा. रंग बदलला नाही तर नको. काही घट्ट काळे दगड सीलर शोषतच नाहीत. त्यांच्यावर लावला तर तो वर वाळून धुरकट, चिकट थर होतो. फिकट रंगाच्या सच्छिद्र ग्रॅनाइटला आणि संगमरवराला मात्र त्याची खरोखर गरज असते.

विकत घेताना छिद्रांत मुरणारा आणि अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या ओट्यांसाठी योग्य असल्याचे लिहिलेला सीलर घ्या. वरून वार्निशसारखा थर देणारा नको. तो ओरखडतो आणि सोलवटतो.

१. आधी सगळे डाग काढून घ्या. सीलरखाली राहिलेला डाग पुढे काढणे फार कठीण जाते.

२. ओटा तिसऱ्या टप्प्याप्रमाणे स्वच्छ करा आणि किमान २४ तास वापर न करता वाळू द्या. छिद्रांत पाणी असेल तर सीलरला जागाच मिळत नाही.

३. लपलेल्या कोपऱ्यात लावून पाहा. काही सीलर दगडाचा रंग गडद करतात.

४. ओट्याचा सुमारे एक मीटर लांबीचा भाग घ्या आणि स्वच्छ फडक्याने पातळ, सारखा हात द्या. सगळा ओटा एकदम ओला करू नका.

५. डब्यावर लिहिलेला वेळच थांबा; तो बहुधा ५ ते १५ मिनिटांचा असतो. एखादी जागा आधीच कोरडी पडली तर तेथे थोडा आणखी लावा.

६. वर उरलेला सीलर कोरड्या फडक्याने पूर्ण टिपून घ्या आणि दुसऱ्या कोऱ्या फडक्याने घासून चकचकीत करा. मग पुढचा भाग घ्या.

दगडाने पहिला हात झटकन पिऊन टाकला असेल तर डब्यावरच्या सूचनेप्रमाणे दुसरा हात द्या. जास्त वेळ ठेवला तर जास्त चांगला बसेल, हा समज चुकीचा आहे. मुरायचा तेवढाच मुरतो आणि बाकीचा वर वाळून ढगाळ थर होतो. तसे झालेच तर त्या जागी तोच सीलर पुन्हा लावा, थर ओला होऊन सैल पडला की तत्काळ टिपून घ्या. सीलरमधील द्रावकही ज्वालाग्राही असू शकतात, म्हणून दुसऱ्या टप्प्यातला इशारा येथेही पाळा.

पुढचे २४ तास, किंवा डब्यावर जास्त लिहिले असेल तर तेवढे, ओट्यावर पाणी, भांडी, अन्न काहीही येऊ देऊ नका; म्हणून हे काम घरात स्वयंपाक होणार नाही अशा दिवसाच्या आदल्या रात्री करणे सोयीचे. ती मुदत संपल्यावर त्याच तीन जागी पुन्हा चमचाभर पाणी ओता, १५ मिनिटांनी पुसा, आणि एखादी जागा अजूनही गडद होत असेल तर फक्त तेवढ्याच भागावर चौथ्या पायरीपासून काम पुन्हा करा.